पाळणा लांबला, आता काठीचं काय?

(रौप्यमहोत्सवी समारंभात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनीच लिहून दिले आहे.)



कमिटीनं मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला मोकळा विषय दिला की तो आकड्यांवर येणार, हे त्यांनी गृहीत धरलंच असेल. आकडे थोडेच सांगतो. जेवण वेळेवर सुरू होईल, काळजी नको.

गेल्या आठवड्यात मी आपलं सभासदांचं रजिस्टर घेऊन बसलो. सोबतीला सौ. होती, कारण कुणाच्या घरी कोण राहतं हे रजिस्टरपेक्षा तिला जास्त माहीत. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्या ४० बिऱ्हाडांत शाळेत जाणारी आणि त्याहून लहान अशी ५३ मुलं होती. साठीच्या पुढची माणसं होती ९. आज मुलं १४ आहेत, आणि साठीच्या पुढचे आपण सगळे मिळून ४६. सुरुवातीच्या वर्षांत क्रिकेटच्या बॉलनं फुटलेल्या काचा कुणी भरून द्यायच्या, हा मीटिंगमधला कायमचा विषय असायचा. आता कायमचा विषय लिफ्टचा. काचा फुटायच्या बंद झाल्या तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. त्याचा अर्थ काय, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

जे आपल्या चार मजल्यांत झालं तेच देशात होतं आहे. म्हणून आज विषय घेतला आहे तो असा, की माणसं फार झाली तेव्हा सरकारांनी काय केलं, आणि आता माणसं म्हातारी होताहेत तर काय करताहेत.

सुरुवात आपल्या मराठी माणसापासून करू. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. सरकार तेव्हा इंग्रजांचं होतं, पण आपल्या समाजानंही त्यांना काही डोक्यावर घेतलं नव्हतं. पुढे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असं करणारा जगातला पहिला देश आपला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. कर्वे १९५३ साली गेले. एका माणसानं ज्यासाठी तीस वर्षं शिव्या खाल्ल्या, ते काम सरकारनं उचललं तेव्हा त्याचे शेवटचे दिवस आले होते. सरकारी गाडी उशिरा सुटते, याचं हे पहिलं उदाहरण.

नंतरचं तुम्हाला आठवत असेल. भिंतीवर लाल त्रिकोण, ‘हम दो हमारे दो’, रेडिओवर जाहिरात. १९५१ च्या जनगणनेत आपण ३६ कोटी होतो आणि एकेका बाईला सरासरी सहा मुलं होत होती. काळजी खोटी नव्हती. मी स्वतः सहा भावंडांतला पाचवा. एका खोलीत आम्ही कसे झोपायचो, ते सांगायला बसलो तर वेळ पुरणार नाही.

मग आणीबाणी आली. आपल्याला वाटतं की सक्तीची नसबंदी म्हणजे दिल्ली आणि उत्तर प्रदेश. पण तिसऱ्या मुलानंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ साली विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्र होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या.

यातली एक माझ्या टेबलावरून गेली. ती गोष्ट मी आजवर घरातसुद्धा फार बोललो नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, एका खेड्यातल्या शाखेत क्लार्क. म्हशीसाठी दोन हजारांचं कर्ज मागायला एक शेतकरी आला होता. वय पस्तिशीच्या आसपास, दोन मुली. कागद सगळे बरोबर. पण त्या महिन्यात वरून तोंडी सूचना होती की अर्जासोबत ऑपरेशनचा दाखला असेल तर प्रकरण पुढे सरकवायचं. लेखी कुठेच काही नव्हतं. मी त्याला ते सांगितलं. माझं काम फक्त सांगण्याचं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्याच्याकडे आधी तलाठी जाऊन आला होता, शाळेचे मास्तर जाऊन आले होते, आरोग्य खात्याचा माणूस जाऊन आला होता. प्रत्येकाला आपापला कोटा पुरा करायचा होता. शेवटी बँक. पुढच्या आठवड्यात तो दाखला घेऊन आला, मी फाइल पुढे सरकवली, त्याला म्हैस मिळाली.

निवृत्तीच्या आधी, २००९ मध्ये, तपासणीच्या कामानं मी त्याच शाखेत गेलो. महिन्याच्या सुरुवातीचे दिवस, बाहेर निराधारांच्या आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी म्हाताऱ्या माणसांची रांग. त्यातल्या एकानं मला ओळखलं. मी त्याला ओळखलं नव्हतं.

“सायेब, म्हशीचं कर्ज तुमीच केलं हुतं नव्हं?”

मी म्हटलं, “हो. कसं काय चाललंय?”

“चाललंय. पोरी लांब दिल्यात. धाकटी धाडती चार पैसं. हितं तीन येळा आलो, अंगठा जुळत न्हाई म्हंत्यात.”

बस्स. तक्रार नाही, राग नाही. ऑपरेशनचा उल्लेखसुद्धा त्यानं केला नाही. मी आत जाऊन त्याचं काम करून घेतलं. पण गाडीत बसल्यावर जे डोक्यात आलं ते आजवर गेलेलं नाही. या माणसाला तिसरं मूल होऊ नये म्हणून तलाठी, मास्तर, आरोग्य खातं, बँक, सगळं सरकार त्याच्या दारात आलं होतं. तो म्हातारा झाला तेव्हा एक खिडकी होती, आणि तिथे त्यानंच चालत यायचं होतं, तेही तीन-तीनदा.

माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे. माणसं कमी व्हावीत म्हणून सरकारं जेवढी धावली, त्याच्या चौथा हिस्साही ती म्हातारपणासाठी धावत नाहीत. वास्तविक पहिलं काम केलं की दुसरं अंगावर येणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. कर्ज दिलं त्याच दिवशी हप्त्याची तारीख पडते, तसं.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. सिंगापूरनं १९७२ साली ‘दोनावर थांबा’ अशी मोहीम काढली. लोक थांबले, आणि असे थांबले की १९८७ मध्ये सरकारला ‘परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या’ असं सांगावं लागलं. लोकांनी पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं नाही. तिथे आता दर बाईमागे सरासरी एक मूलही होत नाही. चीननं १९८० पासून एकच मूल हा नियम अतिशय कडकपणे राबवला. २०१६ मध्ये दोन मुलांना परवानगी दिली, २०२१ मध्ये तीनला. उपयोग झाला नाही. २०१६ मध्ये तिथे पावणेदोन कोटींवर मुलं जन्मली होती, २०२३ मध्ये साधारण ९० लाख. आता चीननं निवृत्तीचं वय वाढवायला सुरुवात केली आहे. पुरुषांचं ६० वरून हळूहळू ६३ होणार. एका तरुणाच्या अंगावर दोन आई-बाप आणि चार आजी-आजोबा, अशी तिथल्या कित्येक घरांची स्थिती आहे.

पाळणा थांबवण्याचे हुकूम काढता येतात. तो पुन्हा हलवण्याचा हुकूम अजून कुठल्या सरकारला जमलेला नाही.

आपल्याकडे काय झालं? १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी सक्तीचं उत्तर मतपेटीतून दिलं. खात्याचं नाव ‘कुटुंबनियोजन’ होतं ते ‘कुटुंबकल्याण’ झालं. आणि मग पुरुषांची नसबंदी जवळजवळ बंदच पडली, सगळा भार बायकांवर गेला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या बायका जवळपास ३८ टक्के, आणि नवऱ्याची शस्त्रक्रिया झालेली जोडपी शंभरात एकसुद्धा नाहीत. समोर बसलेले पुरुष मान खाली घालताहेत, ते मला दिसतंय. मीही त्यातलाच.

तरीसुद्धा जन्मदर उतरला. त्याच पाहणीनुसार देशात दर बाईमागे सरासरी २ मुलं, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. म्हणजे महाराष्ट्र ती रेघ ओलांडून कधीच खाली आला आहे. हे सक्तीनं झालं नाही. केरळनं हे सगळ्यांच्या आधी करून दाखवलं. मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री पटली, आणि दुसऱ्यावर थांबायचं की पहिल्यावर हे घराघरात ठरू लागलं. आपल्याच सोसायटीत बघा. आमच्या पिढीला दोन-दोन, आमच्या मुलांना एकेक. कुणी हुकूम काढला होता?

आता वेगाचं बघू. ६५ च्या पुढच्या माणसांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली. जपानला २४. फ्रान्सला तयारीला तीन-चार पिढ्या मिळाल्या, जपानला एकच मिळाली, आणि आपल्याला फार तर तेवढीच मिळेल. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटींवर होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० साली ती ३४-३५ कोटी असतील, म्हणजे पाचातला एक. आपली आजची नातवंडं तेव्हा चाळिशीला टेकलेली असतील.

सध्या आपण तरुणांचा देश आहोत, त्याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. बँकेतला माणूस लाभांश हा शब्द ऐकला की लगेच विचारतो, राखीव निधीत किती टाकलं? सगळा नफा वाटून खाणारी बँक चार वर्षं लोकांना फार आवडते. पाचव्या वर्षी तिच्या दारात ठेवीदारांची रांग लागते.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. १९९५ मध्ये केंद्रानं गरीब वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली, महिना ७५ रुपये. २००६ मध्ये ती २०० झाली. साठ ते ऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा त्यानंतर २०० च राहिला, बाकी भर राज्य घालतं. आपल्या राज्यात आता सगळे मिळून दीड हजार मिळतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट आहे, मी स्वतः जाऊन आलो, कंडक्टरनं आदरानं बसवलं. सत्तरीच्या पुढच्या सर्वांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड २०२४ पासून आहे. उलट रेल्वेची सवलत २०२० मध्ये गेली ती गेलीच. आणि २००७ चा कायदा आहे, आई-वडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक करणारा. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते.

कायदा चांगला आहे, त्यामुळे काही घरांत माणसं रस्त्यावर यायची वाचली आहेत. पण त्यामागचं गणित जुनं आहे. चार मुलगे असतील आणि त्यातला एकही बघत नसेल, तर कायदा उपयोगी. एकच मुलगा असेल, तो चांगला असेल, रोज फोन करत असेल आणि बंगळुरूला असेल, तर कुठल्या कलमाखाली तो रात्री अडीच वाजता डोंबिवलीत येणार?

जपाननं या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न केला. एप्रिल २००० पासून तिथे शुश्रूषेचा विमा आहे. चाळिशी आली की प्रत्येकानं हप्ता भरायचा. साधारण अर्धा खर्च हप्त्यांतून, अर्धा करांतून. म्हाताऱ्या माणसाला किती मदत लागते ते तपासून श्रेणी ठरते, मग आंघोळ घालायला, जेवू घालायला, दिवसभर सांभाळायला प्रशिक्षित माणूस मिळतो. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा खिशातून भरावा लागतो. त्यांचेही प्रश्न आहेत, काम करायला माणसं कमी पडतात, हप्ते वाढत चालले आहेत. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली, की सुनेनं नोकरी सोडून करायचं काम म्हणून हे आता भागणार नाही. सगळ्यांनी मिळून, तरुणपणापासून पैसे बाजूला टाकून, हे करावं लागेल. आपल्या भाषेत सांगायचं तर जपाननं म्हातारपणाचा सिंकिंग फंड काढला.

आता घरी येतो.

सरकारचा लोकसंख्येचा धाक आपल्या गेटच्या आतही आहे, हे किती जणांना माहीत आहे? २००१ च्या दुरुस्तीनं सहकारी संस्थांच्या कायद्यात दोन अपत्यांची अट आली. त्यानंतर तिसरं मूल झालेल्या सभासदाला कमिटीवर बसता येत नाही. गेल्या तीन निवडणुकांत आपण उमेदवारांकडून ते लिहून घेतलं. गंमत बघा, त्या तिन्ही वेळा साठीच्या आतला एकच उमेदवार होता, आणि त्याला अपत्य एकच. अटीला अडवायला कुणी सापडेना, आणि कमिटीला माणूस मिळेना. आंध्र प्रदेशनं स्थानिक निवडणुकांतली अशी अट २०२४ मध्ये काढून टाकली. आपण अजून जुन्या गर्दीसाठी लावलेलं कुलूप सांभाळतो आहोत.

पण सरकारला नावं ठेवणं सोपं आहे. २०११ साली आपल्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा ठराव आला होता. अंदाज अठरा लाखांचा होता. खजिनदार मी होतो. मीच उभा राहून म्हणालो, “आज गरज काय? पुढचं पुढे बघू.” मी एकसष्ट वर्षांचा, तिसरा मजला दमात चढायचो. तळमजल्याच्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या, ठराव पडला. मिनिट्समध्ये नोंद आहे.

गेल्या जुलैत सौ. बाथरूममध्ये पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मुलगा बंगळुरूला. अॅम्ब्युलन्स वीस मिनिटांत खाली आली, पण तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचं कसं? स्ट्रेचर आपल्या जिन्याच्या वळणावर वळत नाही. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीला साडीनं बांधून चौघांनी तिला उतरवलं. त्या चौघांत दोघे साठीच्या पुढचे, एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. तळमजल्यावरचे आमचे काका, ज्यांनी २०११ ला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, ते खालून बॅटरी दाखवत होते, कारण जिन्यातला दिवा बंद होता. एकेका पायरीवर ती कण्हत होती आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. पुढचं पुढे बघू.

सरकारं हेच करतात. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की त्यांना त्या जिन्यानं उतरावं लागत नाही.

म्हणून या रौप्यमहोत्सवात मी भाषणाबरोबर एक ठरावही आणला आहे. पुढच्या सभेत लिफ्टचा विषय पुन्हा घ्यावा. आता अंदाज बत्तीस लाखांचा आहे, म्हणजे माझ्या त्या वाक्याची किंमत चौदा लाख झाली. तळमजल्याला कमी, वरच्यांना जास्त, असा वर्गणीचा तक्ता मी करून आणला आहे, कुणीही तपासावा. लिफ्ट होईपर्यंत तीन गोष्टी बिनपैशाच्या आहेत. एकट्यानं राहणाऱ्या प्रत्येकाची एक किल्ली शेजाऱ्याकडे असावी. प्रत्येक विंगला दोन नावं असावीत, ज्यांना रात्री उठवायला संकोच वाटणार नाही. आणि नोव्हेंबरमध्ये ज्यांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाता येत नाही, त्यांचं काम मी घरी येऊन मोबाइलवर करून देईन. त्या रांगेतल्या माणसाचं देणं माझ्याकडे बाकी आहे, ते असं थोडं थोडं फेडायचं.

बालमित्रांनो, तुम्ही चौदा जण आहात. आम्ही सेहेचाळीस. तुमच्यावर आमचं ओझं पडू नये म्हणून हे सगळं चाललं आहे, आणि उद्या ही लिफ्ट तुमच्या आई-बाबांना लागणार आहे. खाली मैदानात क्रिकेट खेळा. एखादी काच फुटली तर माझ्या नावावर टाका.

एवढं बोलून मी माझे चार शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.